दिल्लीची रिंग रेल्वे : चांगली गाडी असूनही लोकल का मागे पडली?

प्रस्तावना

नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, नेताजी नगर, किदवई नगर या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या वसाहती. या परिसराजवळून एक दुपदरी विद्युतीकृत रेल्वेमार्ग जातो. सरोजिनी नगर आणि लोधी कॉलनी ही त्यावरची जवळची स्थानके. हाच मार्ग पुढे पश्चिमेला, मग उत्तरेला आणि पूर्वेला वळून हजरत निजामुद्दीनला परत येतो आणि सुमारे ३५ किलोमीटरचे वर्तुळ पुरे करतो. त्यावर एकवीस स्थानके आहेत. ही दिल्लीची रिंग रेल्वे.

शहराभोवती तयार रूळ, त्यावर विजेची तार, जवळजवळ प्रत्येक मोठ्या वस्तीजवळ स्थानक आणि अतिशय स्वस्त तिकीट. कागदावर पाहिले तर एखाद्या महानगराला याहून अधिक काय हवे? तरीही दिल्लीच्या रोजच्या प्रवासात या गाडीचे स्थान नगण्य राहिले. दिल्लीत अनेक वर्षे राहिलेल्या कितीतरी लोकांना ती आहे हेही माहीत नसते.

रेल्वेच्या इतिहासात गाडी बंद पडण्याची किंवा क्षीण होण्याची कारणे सांगताना साधारणपणे जुनाट इंजिन, मोडकळीस आलेले डबे, अरुंद रूळ यांकडे बोट दाखवले जाते. रिंग रेल्वेच्या बाबतीत हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. तिची साधनसामग्री आपल्या काळाच्या मानाने चांगली होती. म्हणून या टिपणात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत : हे वर्तुळ कसे तयार झाले, त्यावर कोणत्या प्रकारची गाडी धावली, आणि ती गाडी प्रवाशांच्या उपयोगाची का राहिली नाही.

१. वर्तुळ कसे तयार झाले

रिंग रेल्वे एकाच योजनेतून, एकाच वेळी बांधलेली नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी टाकलेले रूळ पुढे जोडले गेले आणि त्यांचे वर्तुळ झाले. ही बाब सुरुवातीलाच लक्षात ठेवली पाहिजे.

दिल्लीत रेल्वे आली ती पूर्वेकडून. यमुनेवरचा लोखंडी पूल ओलांडून १८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वेची गाडी शहरात पोचली. १८७० च्या दशकात राजपुतान्याकडून मीटर गेज मार्ग आला. १९०४ मध्ये आग्रा-दिल्ली मार्ग सुरू झाला. त्या वेळी शहर म्हणजे तटबंदीच्या आतले शाहजहानाबाद आणि त्याच्या उत्तरेचा इंग्रजांचा भाग. दक्षिणेकडे शेते, गावे आणि जुन्या इमारतींचे अवशेष होते.

१९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि चित्र बदलले. नव्या राजधानीसाठी निवडलेल्या जागेतूनच आग्रा-दिल्ली मार्ग जात होता. आज जिथे इंडिया गेट आणि कर्तव्यपथ आहेत, त्या आखणीला तो छेद देत होता. त्यामुळे हा मार्ग पूर्वेला, यमुनेच्या बाजूला हलवण्यात आला आणि १९२४ पासून नव्या मार्गावर वाहतूक सुरू झाली. राजधानीची भव्य रचना मोकळी राहावी म्हणून रेल्वे तिच्या कडेला गेली. या निर्णयाचा परिणाम पुढच्या पिढ्यांतील नोकरदारांवर झाला. तो आपण चौथ्या भागात पाहू.

हलवलेला मार्ग रस्त्यांवरून नेण्यासाठी पूल बांधले गेले. त्यांना हार्डिंग आणि मिंटो या व्हाइसरॉयांची नावे होती. स्वातंत्र्यानंतर ती बदलून टिळक ब्रिज आणि शिवाजी ब्रिज झाली. रिंग रेल्वेवरील या दोन स्थानकांची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतात, ती यामुळे.

वर्तुळाची दक्षिण आणि पश्चिम बाजू पूर्ण होण्यामागे मालवाहतुकीचा हेतू होता. मथुरेकडून येणारी मालगाडी पंजाब-हरियाणाकडे न्यायची, तर ती नवी दिल्ली आणि जुनी दिल्ली या गजबजलेल्या स्थानकांमधून नेणे गैरसोयीचे होते. दिल्लीच्या मुख्य स्थानकांना वळसा घालणारा मार्ग हवा होता. १९७५ च्या सुमारास हे रिंग रेल्वेचे जाळे मुख्यतः मालगाड्यांसाठी कामाला लागले. पंजाबातून दक्षिणेकडे जाणारे धान्य आणि उत्तरेकडे जाणारा कोळसा यांच्यासाठी असे वळसामार्ग फार महत्त्वाचे असतात.

थोडक्यात, पूर्वेची बाजू प्रवासी मुख्य मार्गाची, उत्तरेची बाजू जुन्या शहराच्या रेल्वेची आणि दक्षिण-पश्चिमेची बाजू मालवाहतुकीची. प्रवाशाने घरातून निघून कामावर कसे जायचे, हा प्रश्न समोर ठेवून यांपैकी कोणतीच बाजू आखलेली नव्हती.

२. आशियाड आणि लोकल सेवा

१९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात दिल्लीत नववे आशियाई खेळ झाले. त्यासाठी शहरात उड्डाणपूल, क्रीडागारे आणि हॉटेले उभी राहिली. जवाहरलाल नेहरू स्टेडियम लोधी कॉलनी आणि सेवा नगर यांच्या जवळ बांधले गेले. प्रेक्षक आणि कर्मचारी यांची ने-आण करण्यासाठी रिंग रेल्वेचा उपयोग करावा असे ठरले. स्थानके सुधारली गेली, विजेवर चालणाऱ्या लोकल आल्या आणि चोवीस जादा फेऱ्यांची भर पडली.

त्या काळच्या दिल्लीची गरज समजून घेण्यासाठी जनगणनेचे आकडे पाहावेत. १९५१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या सुमारे १७.४ लाख होती. १९८१ मध्ये ती ६२ लाखांवर गेली. म्हणजे तीस वर्षांत साडेतीन पट. १९६२ च्या बृहत् आराखड्याने शहर वेगवेगळ्या विभागांत वाटले होते : राहण्याची जागा एकीकडे, कामाची दुसरीकडे. अशा शहरात रोज लांबचा प्रवास अटळ होतो. हा भार जवळजवळ पूर्णपणे बसवर होता. बसच्या दारात लोंबकळणारे प्रवासी हे त्या दशकातल्या दिल्लीचे नेहमीचे दृश्य होते.

अशा परिस्थितीत रिंग रेल्वेला मागणी नव्हती असे म्हणता येणार नाही. प्रवासी होते, त्यांची अडचण खरी होती आणि रूळही होते. मग गाडी कशी होती?

३. गाडीची रचना

रिंग रेल्वेवर धावणारी गाडी ईएमयू प्रकारची, म्हणजे आपण मुंबईत जिला लोकल म्हणतो त्या जातीची होती. तिची वैशिष्ट्ये विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावीत, कारण युक्तिवादाचा पाया तिथे आहे.

साध्या गाडीत पुढे इंजिन आणि मागे डबे असतात. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. ईएमयूमध्ये वेगळे इंजिन नसते. काही डबे ‘मोटर कोच’ असतात आणि त्यांच्या खाली मोटारी बसवलेल्या असतात. बाकीचे डबे त्यांच्याबरोबर ओढले जातात. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्यामुळे गाडी उलट फिरवावी लागत नाही. गाडी हलवणारी शक्ती गाडीभर वाटलेली असल्याने ती थांबल्यावर लवकर वेग घेते. दर दीड-दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या सेवेला हाच गुण सर्वांत महत्त्वाचा असतो.

वीज छतावरच्या पॅन्टोग्राफमधून घेतली जाते. तारेतला दाब २५,००० व्होल्ट आणि प्रवाह एसी. मोटर कोचमधला ट्रान्सफॉर्मर हा दाब खाली आणतो. मग एसीचे डीसीमध्ये रूपांतर होते आणि ती वीज मोटारींना मिळते. १९८० च्या दशकातील भारतीय एसी लोकलमध्ये ही व्यवस्था होती. त्याच काळात मुंबईच्या लोकल मात्र १९२५ पासून चालत आलेल्या १५०० व्होल्ट डीसी पद्धतीवर धावत होत्या. मुंबईत ती पद्धत पूर्णपणे बदलायला पुढे २०१० चे दशक उजाडावे लागले. विजेच्या पद्धतीपुरते बोलायचे तर दिल्लीची लोकल मुंबईच्या लोकलपेक्षा पुढारलेली होती.

डब्यांचीही तीच गोष्ट. १९५५ मध्ये पेरांबूर येथे सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने देशातल्या उपनगरी सेवांसाठी असे डबे तयार केले. ब्रॉड गेजच्या १६७६ मिलिमीटर रुंदीचा फायदा घेऊन डबे सुमारे ३.६६ मीटर रुंद ठेवलेले असतात. उभ्या प्रवाशांसाठी मोकळी जागा, रुंद दारे, वर कड्या, आणि उंच फलाटावरून पायऱ्या न चढता आत शिरता येईल अशी मांडणी. कमी वेळात पुष्कळ माणसे आत-बाहेर करण्यासाठीच हा डबा आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत त्याच कुळातल्या डब्यांनी रोज लाखो लोकांची ने-आण केली.

तेव्हा वाहन हे रिंग रेल्वेच्या अपयशाचे कारण मानता येत नाही. जी गाडी एका शहरात जीवनवाहिनी ठरली, तीच दुसऱ्या शहरात रिकामी धावली. फरक गाडीच्या बाहेर शोधला पाहिजे.

४. वर्तुळाच्या आत राहिलेली कार्यालये

पहिला फरक भूगोलाचा आहे.

लक्ष्मीबाई नगरमध्ये राहणारा एखादा कर्मचारी घ्या. त्याचे कार्यालय केंद्रीय सचिवालयात, कृषी भवनात किंवा उद्योग भवनात. ते घरापासून सरळ उत्तरेला काही किलोमीटरवर. रिंग रेल्वे त्याच्या घराजवळून जाते, पण सचिवालयाजवळून जात नाही. ती सचिवालयाला मोठा वळसा घालते. पूर्वेकडच्या प्रगती मैदान, टिळक ब्रिज किंवा शिवाजी ब्रिजला उतरले तरी पुढे बस पकडावीच लागते. १९२४ मध्ये राजधानीच्या मध्यातून रेल्वे काढून कडेला नेली गेली, त्याचा हा दूरचा परिणाम. राजधानीतील नोकऱ्यांचे सर्वांत मोठे केंद्र रेल्वेच्या वर्तुळात मधोमध राहिले आणि रेल्वे कडेकडेने फिरत राहिली. कॅनॉट प्लेसच्या मध्यावर स्थानक बांधण्याची एक कल्पना तेव्हा पुढे आली होती. रेल्वेने ती अव्यवहार्य म्हणून नाकारली आणि नवी दिल्ली स्थानक पहाडगंज-अजमेरी गेटच्या मध्ये झाले.

मुंबईचा भूगोल याच्या नेमका उलट आहे. शहर उत्तर-दक्षिण लांबट. नोकऱ्या दीर्घकाळ दक्षिण टोकाला, घरे उत्तरेला. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन्ही टोके कार्यालयांच्या दारात. विरार किंवा कल्याणहून निघालेला माणूस गाडीतून उतरून चालत कामावर जाऊ शकतो. शहर रेल्वेच्या दोन्ही बाजूंनी वाढले. स्थानकासमोर बाजार, रिक्षा, बसथांबा हे सगळे आपोआप आले. दिल्लीत रिंग रेल्वेवर लोकल धावू लागली तेव्हा शहराचे रस्ते, बसमार्ग आणि बाजार आधीच ठरलेले होते. शहराचे तोंड रिंग रोडकडे होते आणि रेल्वेकडे पाठ.

‘पाठ’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायला हरकत नाही. कित्येक स्थानकांकडे जाणारी वाट वसाहतींच्या मागच्या बाजूने, अरुंद गल्लीतून किंवा रुळांलगतच्या झोपड्यांमधून जाते. पाटी नाही, दिवे अपुरे, जवळ बसथांबा नाही. संध्याकाळी एकट्या स्त्रीने त्या वाटेने स्थानकावर जाऊन निर्मनुष्य फलाटावर गाडीची वाट पाहावी, अशी ती परिस्थिती नव्हती. स्थानकाची जागा नकाशावर ‘वस्तीजवळ’ असणे आणि तिथे सुरक्षितपणे पोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नकाशा वाचताना हा फरक विसरू नये.

५. वेळापत्रकाचे गणित

दुसरा फरक वेळापत्रकाचा. तो सर्वांत निर्णायक आहे.

रिंग रेल्वेच्या गाड्या मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या कार्यालयीन वेळेत धावत. त्या वेळेतही एका दिशेच्या दोन गाड्यांमध्ये तासाभराचे, कधी दीड तासाचे अंतर असे. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागत. म्हणजे सरासरी वेग ताशी १८ ते २३ किलोमीटर.

एक साधे उदाहरण करू. समजा प्रवास पाच किलोमीटरचा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने गाडीतला वेळ होतो पंधरा मिनिटे. गाडी दर तासाला एक असेल आणि प्रवासी वेळापत्रक न पाहता आला, तर त्याला सरासरी तीस मिनिटे थांबावे लागेल. एकूण पंचेचाळीस मिनिटे. आता गाड्या दर सहा मिनिटांनी सोडल्या तर सरासरी थांबणे तीन मिनिटे आणि एकूण वेळ अठरा मिनिटे. डबा तोच, रूळ तेच, वेगही तोच. फक्त फेऱ्या वाढल्याने प्रवास निम्म्याहून कमी वेळात होतो.

वेळापत्रक पाठ करून ठरलेल्या गाडीसाठी निघणारा प्रवासी थांबण्याचा वेळ वाचवू शकतो. पण ती एक गाडी चुकली किंवा उशिरा आली, तर तो दिवसच बिघडतो. कार्यालयात हजेरीपट असलेला कारकून, किंवा चार घरची कामे करणारी बाई, असा धोका फार दिवस पत्करत नाही. दोन-तीनदा गाडीने दगा दिला की माणूस बसकडे वळतो आणि परत येत नाही.

येथून दुष्टचक्र सुरू होते. फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या वाढवण्याचे कारण नाही. फलाट ओस म्हणून दिवे, स्वच्छता आणि पहारा यांवर खर्च नाही. त्यामुळे फलाट अधिक असुरक्षित आणि प्रवासी आणखी कमी. काही वर्षांनी अहवालात लिहिले जाते की ‘या मार्गावर मागणी नाही’. मागणी मोजण्याची ही पद्धत सदोष आहे. दिवसातून मोजक्या वेळा उघडणाऱ्या दुकानातली विक्री पाहून गावाला किराण्याची गरज नाही असे ठरवण्यासारखे ते आहे.

तिकीट स्वस्त होते, तरी प्रवासी आले नाहीत, यातूनही एक धडा मिळतो. प्रवासाची किंमत फक्त पैशात होत नाही. चालण्याचा वेळ, थांबण्याचा वेळ, अनिश्चितता आणि भीती हीदेखील किंमतच आहे. ती मोजली तर रिंग रेल्वे स्वस्त नव्हती.

६. रूळ कोणाचे?

फेऱ्या वाढवल्या का नाहीत? याचे उत्तर संस्थात्मक आहे.

रिंग रेल्वे उत्तर रेल्वेच्या दिल्ली विभागाकडे आहे. भारतीय रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नाचा साधारण दोन-तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो आणि प्रवासी सेवेचा तोटा त्यातून भरून काढला जातो. उपनगरी सेवेचा तोटा तर अधिकच. अशा वेळी कोळशाची गाडी आणि अर्धी रिकामी लोकल एकाच सिग्नलपाशी आल्या, तर रेल्वेचे हित कशात आहे हे स्पष्ट आहे. त्यात वर्तुळाच्या पूर्व बाजूला, निजामुद्दीन ते नवी दिल्ली या पट्ट्यात, लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांची प्रचंड गर्दी. तिथे लोकलला बाजूला थांबवून एक्सप्रेस पुढे काढणे अपरिहार्य ठरते. ईएमयूची वेग घेण्याची क्षमता सिग्नल लाल असताना काही कामाची नसते.

दुसऱ्या बाजूला, दिल्लीची बससेवा वेगळ्या यंत्रणेकडे होती. दिल्ली परिवहन निगम १९९६ पर्यंत केंद्र सरकारच्या अखत्यारीत होते आणि मग दिल्ली सरकारकडे गेले. जमीन आणि आराखडा दिल्ली विकास प्राधिकरणाकडे. स्थानकाबाहेरचा रस्ता आणि दिवे महापालिकेकडे. रेल्वेचे वेळापत्रक आणि बसचे वेळापत्रक जुळवणारी, दोन्हींसाठी एकच तिकीट देणारी, स्थानकापर्यंत वाट बांधणारी एकही संस्था नव्हती. प्रवाशाला मात्र घरापासून कामापर्यंतचा प्रवास एकसंध हवा असतो.

१९८४ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली अर्बन आर्ट कमिशन यांनी बहुविध वाहतुकीचा प्रस्ताव मांडला. त्यात भुयारी मार्गांबरोबरच अस्तित्वात असलेली उपनगरी रेल्वे बळकट करण्याचाही विचार होता. पुढे भर नव्या मेट्रोवर राहिला.

७. तुलना : टोकियो आणि अमेरिका

वर्तुळाकार रेल्वे मुळातच निकामी असते का? टोकियोची यामानोते लाईन याचे उत्तर देते. तिची लांबी ३४.५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ रिंग रेल्वेइतकीच. १९२५ मध्ये तिचे वर्तुळ पूर्ण झाले. आज तीस स्थानके, गर्दीच्या वेळी काही मिनिटांनी एक गाडी आणि पूर्ण फेरी सुमारे एका तासात.

तीन गोष्टींमुळे हे साधले. एक, मालगाड्यांसाठी समांतर वेगळे रूळ टाकले गेले, त्यामुळे लोकलला कोणासाठी थांबावे लागत नाही. दोन, शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो यांसारख्या स्थानकांवर उपनगरांतून येणाऱ्या खासगी रेल्वे येऊन मिळतात, त्यामुळे वर्तुळाला बाहेरून सतत प्रवासी मिळत राहतात. तीन, ही स्थानके स्वतःच व्यापाराची आणि नोकऱ्यांची केंद्रे झाली. वर्तुळाकार मार्ग एकटा फारसा उपयोगी नसतो. केंद्राकडे जाणारे मार्ग त्याला ठिकठिकाणी छेदत असतील आणि छेदाच्या जागी गाडी बदलणे सोपे असेल, तरच तो उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मोटारगाडी आणि महामार्ग वाढले आणि प्रादेशिक प्रवासी गाड्यांचे प्रवासी घटले. खर्च वाचवण्यासाठी बड कंपनीने १९४९ मध्ये स्वयंचलित डिझेल डबा आणला. स्टेनलेस स्टीलचा सांगाडा, जमिनीखाली इंजिने, दोन्ही टोकांना चालकाची जागा. अनेक रेल्वे कंपन्यांनी तो वापरला आणि खर्च कमीही झाला. पण फेऱ्या घटत राहिल्या. १९६७ मध्ये टपाल खात्याने रेल्वेतून टपाल नेण्याचे बहुतेक करार काढून घेतले आणि उत्पन्नाचा एक मोठा आधार गेला. शेवटी १ मे १९७१ रोजी उरलेल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ॲमट्रॅक या नव्या संस्थेकडे आल्या आणि पुष्कळशा त्याच दिवशी बंद झाल्या. तिथेही मालगाडीला प्राधान्य देणाऱ्या कंपनीच्या रुळांवर प्रवासी गाडी ही पाहुणी होती. दिल्ली आणि अमेरिका यांची परिस्थिती खूप वेगळी आहे, पण चांगला डबा वाईट वेळापत्रकाला वाचवू शकत नाही ही गोष्ट दोन्हीकडे दिसते.

८. मेट्रो आल्यावर

२४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्या दोन दशकांत तिने शहर व्यापले. २०१० मध्ये यलो लाईनने आयएनए हे लक्ष्मीबाई नगरजवळचे स्थानक थेट केंद्रीय सचिवालयाशी जोडले. रिंग रेल्वेला जे कधीच जमले नव्हते ते झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंक लाईनचा साउथ कॅम्पस ते लाजपत नगर हा भाग सुरू झाला. त्यावर सरोजिनी नगर, आयएनए, साउथ एक्स्टेन्शन ही स्थानके आहेत. म्हणजे रिंग रेल्वेची दक्षिण बाजू ज्या वस्त्यांना स्पर्श करते, जवळपास त्याच वस्त्यांतून दुसरा मार्ग भुयारातून काढला गेला.

येथे साधनसामग्रीची एक तुलना उद्बोधक आहे. मेट्रोच्या पहिल्या रेड, यलो आणि ब्लू या मार्गांची रूळरुंदी १६७६ मिलिमीटर आणि वीज २५,००० व्होल्ट एसी. रिंग रेल्वेचीही तीच रुंदी आणि तीच वीज. डबे, दारे, सिग्नल, वातानुकूलन यांत मेट्रो अर्थातच पुढे आहे. तरी प्रवासी तिच्याकडे वळण्याची पहिली कारणे वेगळी होती : दर काही मिनिटांनी गाडी, पहाटेपासून रात्रीपर्यंत सेवा, दिवे आणि पहारा असलेले स्थानक, आणि रूळ फक्त तिच्यासाठी. मालगाडी मेट्रोच्या वाटेत येत नाही.

त्यानंतर रिंग रेल्वेचे प्रवासी आणखी रोडावले. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी काही स्थानकांची डागडुजी झाली, पण वेळापत्रक आणि स्थानकाबाहेरची वाट फारशी बदलली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशभर प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा ही सेवा आधीच इतकी क्षीण होती की तिच्या थांबण्याने शहराचे फारसे काही अडले नाही.

समारोप

रिंग रेल्वेच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा मांडता येईल. वाहतूक सेवेचे यश वाहन, मार्ग, वेळापत्रक आणि स्थानकापर्यंतची वाट या चारही गोष्टींवर अवलंबून असते. दिल्लीत पहिल्या दोन गोष्टी होत्या. उरलेल्या दोन कोणाचीच जबाबदारी नव्हत्या. खेळांसारख्या मोठ्या प्रसंगी गाडी आणि फलाट यांवर खर्च झाला, कारण ते दिसतात आणि त्यांचे उद्घाटन करता येते. दर दहा मिनिटांनी गाडी सोडण्याचे उद्घाटन होत नाही. ते रोज, वर्षानुवर्षे करावे लागणारे काम आहे.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०११ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६८ लाख होती. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसारख्या जुन्या बैठ्या वसाहती पाडून तिथे उंच इमारती बांधण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणजे याच रुळांच्या आजूबाजूची वस्ती आणि कार्यालये आणखी दाट होत आहेत. हिवाळ्यात शहराची हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही आणि त्यात रस्त्यावरच्या वाहनांचा वाटा मोठा आहे. दरम्यान मालगाड्यांसाठी स्वतंत्र समर्पित मार्ग बांधले गेले आहेत. त्यामुळे दिल्लीतील रुळांवरचा मालवाहतुकीचा भार किती हलका होतो आणि मोकळी झालेली क्षमता कोणाला दिली जाते, हा धोरणाचा प्रश्न आहे. मेट्रोचे तिकीट न परवडणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बांधकाम मजूर, फेरीवाले यांना आजही लांबचे अंतर बसने किंवा पायी कापावे लागते, आणि त्यांच्या वस्तीशेजारून जाणाऱ्या रुळांवर त्यांच्या उपयोगाची गाडी नसते.

म्हणून ‘लोकांनी रिंग रेल्वे नाकारली’ हे विधान इतिहास म्हणून स्वीकारण्यापूर्वी, ती त्यांना कोणत्या वेळेला, कोणत्या वाटेने आणि किती खात्रीने देऊ केली होती, हे तपासले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. १९२४ मध्ये आग्रा-दिल्ली मार्ग हलवण्याचा निर्णय आणि १९८२ नंतरच्या लोकल सेवेची अडचण यांचा संबंध स्पष्ट करा.

२. ईएमयू आणि इंजिनाने ओढली जाणारी गाडी यांतील फरक सांगा. वारंवार थांबणाऱ्या सेवेसाठी ईएमयू अधिक सोयीची का असते?

३. ‘प्रवासी कमी आहेत, म्हणजे मागणी नाही’ या युक्तिवादाची मर्यादा रिंग रेल्वेच्या आधारे चर्चा करा.

४. यामानोते लाईन आणि दिल्लीची रिंग रेल्वे यांची लांबी जवळजवळ सारखी असूनही परिणाम वेगळे का झाले?

५. तुमच्या गावाजवळची किंवा शहराजवळची एखादी क्षीण झालेली प्रवासी गाडी निवडा. वाहन, मार्ग, वेळापत्रक आणि स्थानकापर्यंतची वाट या चार कसोट्यांवर तिची तपासणी करा.